शिव्यांवर वाढलेली कातडी

हॉल म्हणजे खरं तर बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. पण आज आत मुंगी शिरायलाही जागा नव्हती. समोरच्या टेबलावर काचेची मोठी बरणी होती. कायाबाबांनी चिमट्याने तिच्यातून एक पांढरट, ओला, थरथरता थर उचलला आणि सगळ्या गर्दीने आ वासला.

"ही कातडी ना माणसाची, ना जनावराची!" बाबा गरजले. "मंत्राच्या उबेत वाढते. श्रद्धेने जाड होते, शंकेने सुकते. ब्रह्मांडातली एकेक पेशी मला नावाने ओळखते!"

पेशींना एवढ्या ओळखी ठेवायला सवड कधी मिळाली, हे कुणी विचारलं नाही. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनाही आता असलं काही विचारायचा कंटाळा आला होता. दिवसभर जखमा धुऊन त्यांची कंबर धरली होती. नाडीवाला, चुंबकवाला, राखवाला अशा सगळ्या भोंदूंचं निस्तरून झालं होतं. आज त्या आल्या होत्या एकाच कारणासाठी. पहिल्या रांगेत, पाऊल फडक्यात गुंडाळून, त्यांचा सख्खा थोरला भाऊ बसला होता.

दादाला जुना मधुमेह. गरम पाण्याच्या पिशवीने पाऊल भाजलं तेव्हा त्याला कळलंसुद्धा नाही. बहिणीने ड्रेसिंग सुरू केलं. पण शेजारणीचा इस्त्रीने पोळलेला हात बाबांच्या कातडीने बरा झाला आणि दादाने दवाखान्याकडे पाठ फिरवली.

"छोटे, उगाच डोकं खाऊ नकोस," तो घरी म्हणाला होता. "कातडी लावल्यापासून एकदाही दुखलं नाही. दुखत नाही म्हणजे बरं झालं. एवढं कळायला डॉक्टर कशाला हवा?"

"दादा, तुझा पाय दुखायचंच विसरलाय. साखरेने नसा मेल्यात. मला एकदा उघडून बघू दे."

"उघडायचं नाही! बाबांनी बजावलंय. संशयाची नजर पडली की सुकते ती."

त्यांना राग आलाच, पण त्याहून जास्त थकवा आला. निघताना मात्र त्यांनी फडताळातली, बाबांनी दिलेल्या 'कायातीर्था'ची बाटली गुपचूप पर्समध्ये टाकली. बूच काढताच शिळ्या चहाचा आणि व्हिनेगरचा वास आला. अर्धं कोडं तिथेच सुटलं. त्यांनी साखर घालून बिनदुधाचा चहा केला, गार झाल्यावर त्यात तीर्थ ओतलं, बरणीला फडकं बांधलं आणि ती कपाटावर ठेवून दिली. मंत्र काही येत नव्हते. म्हणून कामावरून आल्यावर त्या रोज बरणीला मनसोक्त शिव्या घालत. मध्ये दादाकडे पुन्हा पुन्हा जाऊन आल्या; त्याने पांघरुणातून पाय बाहेर काढला नाही.

आता त्या गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या आणि आपली बरणी बाबांच्या बरणीशेजारी ठेवली. वर बोटभर जाडीचा थर होता.

"ही माझी. निव्वळ शिव्यांवर वाढली."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. बाबा गुरगुरले, "ती नक्कल! आमची जिवंत कातडी आहे."

"मग जाळून बघू." दादाच्या बाजूलाच बसलेल्या शेजारणीने जपून ठेवलेला सुकलेला तुकडा त्यांनी मागून घेतला. आधी स्वतःचा एक केस पेटत्या काडीवर धरला. उग्र वास सुटला. "केस, नख, कातडी, काहीही जाळा, असंच घाणेरडं नाकात जातं. आता ही तुमची कातडी." तुकडा भुरकन पेटला.

"अगं बाई," शेजारीण म्हणाली, "हा तर कागद जळल्याचा वास!"

"कागदच म्हणा. चहात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढतात. ते साखर खाऊन बारीक तंतू विणतात. त्यांचा हा थर. कागदात, कापसात जो सेल्युलोज असतो, तोच हा."

"मग यांचा हात कसा बरा झाला?" बाबांनी हुकमाचं पान टाकलं.

"वरवरचं भाजलेलं होतं. ओलसर झाकण मिळालं आणि नशिबाने जंतू शिरले नाहीत, की ते आपसूक भरतं. हा थर आम्हीही वापरतो. पण स्वच्छ धुऊन, जिवाणू मारून, निर्जंतुक करून. आणि जखम पुन्हा पुन्हा उघडून बघतो. तुम्ही बरणीतला थर तसाच चिकटवता आणि वर बघायला बंदी घालता. खरी लबाडी चहात नाही बाबा, त्या बंदीत आहे."

त्या दादाकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला. "दादा, आता तरी उघड रे."

दादाने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा पेटलेल्या तुकड्याच्या राखेकडे. मग स्वतःच्या हाताने फडकं सोडलं. पहिल्या रांगेने नाकाला पदर लावले. दोन बोटं काळी पडली होती. लोकांनी मान वर केली तेव्हा बाबांची ध्यानाची वेळ झालेली होती आणि मागचं दार उघडं होतं.

पाऊल वाचलं, बोटं नाही वाचली. जखम स्वच्छ झाल्यावर दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सीलबंद पाकीट फोडून एक पातळ पांढरा पापुद्रा काढला.

"ही तर तीच की गं!" दादा दचकला. "म्हणजे बाबा खरं बोलत होता?"

"वस्तू खरी होती दादा. माणूस खोटा होता. उद्या मी हे उघडून बघणार, आणि तूही बघायचंस."

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून बिचकत त्याच्याजवळ आली. "काका, ते कायाबाबा आता कुठे बसतात हो? सासूबाईंची जखम भरतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं आणि दमून मिटलं. दादाने मात्र पायावरचं पांघरूण बाजूला केलं.

"आधी हे नीट बघ, पोरी," तो म्हणाला. "आणि कुणीही बाबा असो, नाहीतर डॉक्टर, 'उघडून बघू नका, विचारू नका' म्हणाला, की तिथून उठायचं. मी बसून राहिलो."