वाडग्यावरचे ठोके

हेस्टर पेलोकडे चांदीचा एक वाडगा होता. दोन्ही बाजूंना तारेच्या लांब, वळणदार कड्या. तिच्या नवऱ्याने, ॲम्ब्रोझने, लग्नाआधी तो तिच्यासाठी स्वतःच्या हाताने घडवला होता. रविवारी प्रार्थना आटोपून आम्ही चॅपेलात गाणारी माणसं तिच्याकडे चहाला जमलो, की आलुबुखाराच्या मुरंब्याने भरलेला तो वाडगा या हातातून त्या हातात फिरायचा.

ॲम्ब्रोझ मूळचा लंडनचा. कारागिरांची एक मंडळी शहराचा धूर सोडून आमच्या कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत आली आणि ओस पडलेल्या रेशीम गिरणीत तिने भट्ट्या पेटवल्या, त्यांच्यातला तो. त्यांचा एक नियम गावाला फार गमतीचा वाटे. भांडं मठारून झालं की ते गुळगुळीत करायचं नाही, हातोडीचे ठोके अंगावर तसेच राहू द्यायचे. घडवणाऱ्याचं नाव कुठे नसे. बुडाला शिक्का असे तो साऱ्या मंडळीचा. हात कोणाचा ते ठोक्यांवरूनच ओळखायचं. ॲम्ब्रोझचे ठोके बारीक, दाट आणि जरासे डावीकडे कललेले, माशाच्या खवल्यांसारखे. माझे वडील त्याला चिडवायचे, देवीचे व्रण आलेली चांदी विकतोस होय रे? तो हसायचा. म्हणायचा, गुळगुळीत भांड्यात ज्याला त्याला आपलंच तोंड दिसतं, माझ्या भांड्यात हात दिसू दे.

पुढे शहरांत यंत्रावरची भांडी स्वस्त झाली, गिऱ्हाईक आटलं, मंडळी मोडली. कोणी लंडनला परतलं, कोणी शेतीत पडलं. ॲम्ब्रोझ कॅनडाला गेला. वसंतात तुला बोलावून घेतो, म्हणाला. आधी पत्रं आली, मग तीही थांबली. तो आहे की नाही, एवढंसुद्धा सांगणारं कोणी नव्हतं. हेस्टरने ना काळे कपडे घातले, ना अंगठी काढली. पाववाल्या बापाच्या दुकानात ती पूर्वीसारखी उभी राहायची. दाराची घंटा वाजली की मात्र मान इतकी झटकन वर करायची, की आत येणाऱ्यालाच आपण दुसरे कोणी नाही याची लाज वाटावी.

अशात वेल्सहून प्रोथेरो नावाचे उपदेशक आले. त्यांचं ऐकणं हे माझ्या आयुष्यातलं मोठं सुख. साधं बोलायला सुरुवात करायचे, आणि बोलता बोलता आवाज सुरावर चढायचा; बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे लागलं ते कळायचंच नाही. आम्ही शेवटचा शब्द उचलून धरायचो, तो शब्द ते परत आमच्याकडून घ्यायचे, आणि छत भरून जायचं. एका रविवारी त्यांनी चांदीवाल्याचा दृष्टांत घेतला. देव भट्टीपुढे बसला आहे, चांदीतला मळ जळतो आहे, पण तो उठत नाही. कधी उठेल? चांदीत त्याला आपला चेहरा दिसेल तेव्हा. "चेहरा दिसेल, चेहरा दिसेल," आम्ही गात होतो. माझ्या शेजारी हेस्टर गायची थांबली होती. डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, प्रार्थना करते आहे. करतही असेल.

त्या आठवड्यापासून ती वाडगा घासू लागली. ॲम्ब्रोझच्या पेटीत दगडाचा भुगा होता, लाल पूडही होती. आधी भुग्याने, मग पुडीने, रोज दुकान बंद झालं की फडकं घेऊन बसायची. चकाकी वाढत चालली तसे आम्ही कौतुक करत गेलो. नवरा आला की लखलखीत वाडगा पुढे करील, असंच मी धरून चालले होते.

गवताच्या कापणीनंतरच्या एका रविवारी जेबेझ लुकर चहाला आला. ॲम्ब्रोझच्या शेजारी बसून काम केलेला माणूस. मंडळी मोडल्यावर गावातच राहून किटल्या सांधायचा. घासून गुळगुळीत झालेला वाडगा त्याच्या हाती आला आणि तो थट्टेने म्हणाला, "हे बर्मिंगहॅमचं यंत्रातलं पोर कुठून आणलंस ग? ॲम्ब्रोझ बघेल तर खिडकीबाहेर फेकेल."

आम्ही हसलो. त्याने वाडगा वर धरून बुडाला मंडळीचा शिक्का पाहिला आणि त्याचं हसू गेलं. एकेक करून आमचंही.

हेस्टर अगदी हळू बोलली. "त्याचा चेहरा येईल म्हणून घासत होते, मिस्टर लुकर. माझाच येत राहिला."

प्रोथेरोंचं सांगणं खोटं नव्हतं. ते जिवाबद्दल होतं, वाडग्याबद्दल नव्हतं. पण जीव लावून बसलेल्या बाईला हा फरक कोण समजावणार?

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन जेबेझच्या पडवीत गेली आणि वाडगा पुन्हा मठारून द्या म्हणाली. तसेच ठोके, डावीकडे कललेले. जेबेझने खूप टाळलं. शेवटी म्हणाला, "मारीन की. पण ते माझे असतील, पोरी."

"मला तरी कुठे कळणार आहे?"

"आज नाही कळणार. उद्या बोट फिरवशील तेव्हा कळेल."

ती हलली नाही. तेव्हा त्याने लोखंडी खुंटावर वाडगा पालथा घातला, हातोडी उचलली. चांदी कितपत झिजली ते पाहायला अंगठ्याने चाचपत तो बुडाशी आला. वाडगा ज्या उंच गोल कड्यावर उभा राहायचा त्याच्या आत अंगठा गेला, आणि तिथेच थांबला. त्याने हातोडी खाली ठेवली.

"इकडे ये. बोट घाल इथे."

टेबलावर ठेवल्यावर जे कोणाला दिसत नाही ते घासायचं हेस्टरच्या मनात आलंच नव्हतं. शिक्क्याच्या भोवती, कड्याच्या आड, चांदी काळी पडली होती. तिने तिथल्या खवल्यांवरून बोट फिरवलं. एकदा, मग उलट्या बाजूने. जेबेझ उगाच भट्टीतले कोळसे सारत बसला. मी दाराबाहेर आले.

भुगा आणि पूड तिने जेबेझला देऊन टाकली. आता वाडगा सगळाच काळवंडला आहे. नव्या माणसाला वाटतं, घरात घासायला कोणी नाही. प्रोथेरो दर वसंतात येतात, तिच्याकडेच चहा घेतात. त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही. चहानंतर गाणं सुरू झालं की हेस्टर वाडगा पुढे सरकवत नाही. मांडीवर घेते, एक बोट खालून आत घालते आणि दाराकडे पाहत गाते. तेवढ्यासाठी शेवटचं कडवं आम्ही दोनदा म्हणतो.