राखणदाराचा दम

लोक म्हणतात, गेम बनवायचं काम म्हणजे नुसती मजा. असं म्हणणाऱ्याला माझ्या खुर्चीत आणून बसवावं आणि बाहेरून कडी लावून घ्यावी.

मी भावना. राहते बदनापूरला आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. कंपनीचा एक ऑनलाइन गेम आहे, 'सात गढ्या'. खेळायला आलेल्या माणसानं आधी आपलं सोंग निवडायचं: खड्गवीर, तिरंदाज, मांत्रिक, वैद्य न्हाईतर राखणदार. मंग गढ्या जिंकायच्या, राक्षस मारायचे, एकमेकांशी झुंजायचं. माझं काम ही पाच सोंगं तोलून धरायचं. एखादं लई भारी झालं की खाली ओढायचं, एखादं हलकं पडलं की वर चढवायचं. थोडक्यात, पाच सुनांची सासू, फक्त पगारी.

त्यातला राखणदार माझा. बाकीची चार सोंगं पुण्यात बसून कुणीकुणी काढली, हे एक मी काढलं. शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकणारा आपला माणूस. लहानपणी सुट्टीत तीर्थपुरीला गेलं की माझे कडूबामामा गोफण फिरवून दाखवायचे, तो सणसण आवाज डोक्यात बसला होता. हातात गोफण, खांद्यावर घोंगडी, असा माझा गडी गेममध्ये उभा राह्यला, तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी आईला पेढे आणायला लावले.

पण त्याला कुत्रं बी विचारीना. जे कुणी घेत ते पटापट मरत आणि दुसऱ्या दिवशी खड्गवीर होऊन येत. कंपनीच्या कागदावर आम्हाला एवढंच दिसे, कोण जिंकलं आणि कोण हरलं. राखणदार हरलेला, राखणदार हरलेला, परत राखणदार हरलेला. मी गोफणीचा मार वाढवला. फरक न्हाई. आणखी वाढवला. पालथ्या घड्यावर पाणी. मंग चिडून असा वाढवला की बैल मेला असता. तरी हरलेलाच! बरं, मी स्वतः खेळले की जिंकायची. मंग लोकांनाच काय धाड भरली होती?

शेवटी आमच्या अर्पिता मॅडमचा पुण्याहून फोन आला. बाई गोड बोलतात, म्हणून जास्त भीती वाटते.

"भावना, या महिन्याच्या बदलांमध्ये राखणदार काढून टाकू या. चार सोंगं पुरेत."

"काढू नका मॅडम. आठवडाभर द्या. मी त्याला उभा करते."

"आठवडा दिला," त्या म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी बघू."

म्हणलं, आता कागद बघून काही व्हायचं न्हाई, राखणदार खेळणारं जितं माणूसच बघावं. आणि माझ्या ओळखीत असं एकच माणूस होतं. कडूबामामा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मामांनी हा गेम धरला होता, आणि भाचीनं काढलंय म्हणून राखणदारच धरला होता. रोज मरत, रोज परत येत. मी एसटीत बसले आणि तीर्थपुरी गाठली.

मामा ओट्यावर बाजेवर बसले होते. शेजारी रखमाजी. ह्यांची मोसंबीची बाग, गावात वजन, आणि गेममधल्या गावच्या टोळीचे म्होरके तेच. अर्थात खड्गवीर. दोघांची लहानपणापासून संगत, पण टोळी गढीवर निघाली की रखमाजींचं ठरलेलं वाक्य: "मास्तर, तुम्ही मागंच राहा. उगं मधी मधी मरून राह्यले, आमचा खोळंबा."

"मामा, खेळा बरं माझ्यासमोर," मी म्हणले.

मामांचा राखणदार गढीच्या दारात उभा राह्यला. समोरून राक्षस आला. त्यानं एक गदा हाणली. मामा शांत. त्यानं दुसरी हाणली. मामा तसेच शांत, फोनकडं बघत.

"अवो मामा, मारा की!"

"मारू कसा? गेमच म्हणून राह्यला ना, दम धर. अजून चकरी बी फिरून राह्यली."

तिसऱ्या गदेला राखणदार आडवा झाला.

मी फोन हिसकून घेतला. गोफणीच्या बटणावर लिहिलं होतं: 'दम धर'. बटणाभोवती पिवळी चकरी फिरत होती. त्याचा अर्थ असा होता की हे बटण दाबून ठेवा, राखणदार श्वास रोखून जोर धरील, मंग सोडा, दगड सुटेल. आधी त्यावर 'श्वास रोखून धर' होतं. बटणात मावेना म्हणून पुण्यात कुणीतरी त्याचं 'दम धर' केलं. छोटं, सुटसुटीत. मी ते रोज बघत होते, पण मला बटण पाठ होतं, मी वाचत कशाला बसते! आणि आमच्याकडं शेंबड्या पोराला बी ठाऊक की दम धर म्हणजे थांब. तयार व्हायचंय अजून, जरा थांब. लोकं बिचारी थांबत होती. थांबून थांबून मरत होती.

"मामा, हे बटण हाय. ते दाबायचं असतंय."

"दाबायचं असतंय?"

रखमाजी एवढे हसले की त्यांच्या बशीतला चहा बाजेवर सांडला. "मास्तर! तुमच्यासारखा आज्ञाधारक गडी दुनियेत न्हाई!"

मामांना राग आला. "हसा, हसा. जल्मभर हेच ऐकत आलो की हो. नोकरीला दम धर, बदलीला दम धर, पहिल्या रांगेत बसायला दम धर. मला वाटलं, इथं बी तसंच असंल."

रखमाजींचं हसू थांबलं आणि ते बशी पुसायला लागले. मला फार वाईट वाटलं. माझाच गडी माझ्या मामाला गप उभा करून मारत होता.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांना आधी पटेना, मंग पटलं, मंग त्या बराच वेळ "अगं बाई, अगं बाई" करत राह्यल्या.

"मग आता बटणावर काय लिहायचं? छोटंच पाहिजे हं."

"हाण," मी म्हणले.

"हे शोभेल का?"

"बटणात बसतंय मॅडम."

बटणावर 'हाण' लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन. आवाज असा की पलीकडं माणूस उड्या मारत असावं.

"पोरी! रखमाजीला एका दगडात आडवा केला! तलवार उपसू दिली न्हाई! परत खेळ म्हणला, परत आडवा! आता बोलून न्हाई राह्यला माझ्याशी!"

मी बी नाचले असते, पण तेवढ्यात डोक्यात वीज चमकली. मी चिडून वाढवलेला तो मार! बैल मेला असता असा तो मार तसाच आत होता, आणि आता गावोगावचे राखणदार तो हाणत सुटले होते. दुपारपर्यंत अर्ध्या लोकांनी आपापली सोंगं टाकून घोंगडी पांघरली. खड्गवीरांनी शिव्यांचा पाऊस पाडला. मॅडमचा फोन आलाच.

"भावना, आज संध्याकाळपर्यंत हा सरळ कर. नाहीतर मी काढून टाकते. मला आता वरून बोलणी बसतायत."

करायचं सोपं होतं. वाढवलेलं काढायचं, झालं. पण माझा हात चालेना. उमेदीचं सगळं आयुष्य मागं उभं राह्यलेलं माणूस आज सकाळी पहिल्यांदा उड्या मारत होतं, आणि मीच जाऊन त्याचा दगड हलका करायचा? मी मामांना फोन लावला आणि जे होतं ते सांगितलं.

मामांनी विचारलं,

"म्हंजे ते माझं कसब नव्हतं?"

"उल्सं होतं मामा. बाकी माझा राग होता."

"मंग काढ. तुझ्या रागावर जिंकून काय करू मी?" मंग म्हणले, "किती काढून राह्यलीस?"

"खड्गवीराच्या बराबर होईल एवढं."

"बराबर म्हंजे बराबर ना? का घाबरून आणखी खाली नेऊन ठेवशील?"

"न्हाई मामा. शप्पत."

"वर बी नको आणि खाली बी नको. आपल्याला बराबर पायजे. बिलकुल बराबर."

मी जेवले न्हाई. राखणदार आणि खड्गवीर एकमेकांसमोर उभे करत राह्यले. जरा काढायची, झुंजवायची, परत जरा काढायची. शेवटी असं जमलं की एकदा हा पडे, एकदा तो. ज्याचा हात निष्णात असेल तो जिंके, सोंग कुठलं का असेना. दिवस मावळायच्या आत मी ते पाठवून दिलं. सोमवारी मॅडमनी आकडे पाह्यले, राखणदार राह्यला. मी परत आईला पेढे आणायला लावणार होते, तर आईच म्हणली, एका घोंगडीवाल्यापायी किती पेढे?

त्याच आठवड्यात कंपनीकडं एक तक्रार आली. मॅडमनी ती मला धाडली आणि खाली लिहिलं, 'हा तुमच्याकडचाच दिसतो. बघ बरं जरा, राखणदार अजून कमी करायचा का?'

तक्रार रखमाजींची होती. मी मामांना फोन करून वाचून दाखवली.

"साहेब, राखणदाराचे फार लाड होऊन राह्यलेत. आमच्या गावात एक मास्तर हाय, पहिले गुमान मागं राहायचा. आता दर दुसरी झुंज जिंकून राह्यला. खड्गवीरावर हा अन्याय हाय. राखणदार कमी करा."

"दर दुसरी," मामा म्हणले. "म्हंजे एक त्याची, एक माझी."

"व्हय की."

"आन् त्याला अन्याय वाटून राह्यला."

"व्हय मामा."

मला वाटलं मामा हसतील. ते हसले न्हाईत. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"एवढ्या वर्षांत रखमाजीनं माझी मस्करी लई केली, पोरी," मामा म्हणले. "तक्रार पहिल्यांदा केली. वाच बरं परत."