पुलाची ओळ

"रस्ता झाला, दवाखाना झाला, मोबाइलचा टॉवर झाला. आता पुलाची ओळ तेवढी राहिली," काचेपलीकडून प्रेमानंद म्हणाला. "घ्या रंभाबाई, अजून एकदा."

रंभाबाईने तोंड माइकजवळ नेलं. ओठ उघडले आणि पुन्हा मिटले.

"काय झालं जी? मिरची गेली का घशात?"

तसं असतं तर बरंच झालं असतं. रंभाबाई तुलावी नागपूरला कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायची. भोवती लाल ढीग, हवेत तिखट धूळ आणि नाकातोंडावर घट्ट बांधलेला पदर. इतर बाया खोकून बेजार व्हायच्या, पण हिचा गळा भरल्या घागरीसारखा गार राहिला होता. त्याच गळ्यासाठी दर लोकसभेच्या निवडणुकीला प्रेमानंद तिला प्रचाराच्या गोंडी ओळी म्हणायला आपल्या स्टुडिओत बोलवायचा.

गडचिरोलीकडची लोकसभेची जागा आदिवासींसाठी राखीव झाली, तेव्हा रंभाबाईच्या गावात बायांनी सणासारखी अंगणं सारवली होती. येईल तो आपल्यातलाच येणार, दिल्लीला आपला माणूस जाणार! पक्षांना गोंडी बोलणारा गळा हवा होता. प्रेमानंद शोधत शोधत बाजारात आला. त्या दिवशी रंभाबाईची मोठी बहीण मैना गावाहून पाहुणी आलेली. दोघी जोडीनं गेल्या आणि त्यांनी रेला, म्हणजे गोंडांचं फेर धरून म्हणायचं गाणं, गायला. गोंडीतल्या त्या ओळींचा अर्थ असा:

नदीबाई, कड दे गं, माहेराला येते लेक
तुझ्या पाण्यावर टाकू दगडाची वाट एक

त्यांच्या गावात रेल्याची एक रीत होती. एका बाजूच्या बाया ओळ द्यायच्या, समोरच्या ती उचलायच्या. पण दिलेली ओळ खोटी असली तर समोरच्या उचलत नसत, गप्प उभ्या राहत. भर मांडवात आपली ओळ अशी खाली पडावी, याच्याइतकी नामुष्की गाणारणीला दुसरी नव्हती. म्हणून रेल्यात कोणी खोटं घालत नसे. आणि पुलाची ओळ तर खुद्द मैनानं उचललेली.

पुढच्या खेपेला दोन पक्षांच्या गाड्या एकाच चौकात समोरासमोर आल्या. दोन्हींच्या भोंग्यांतून रंभाबाईच बोलत होती. गावचा किराणावाला नत्थू दुकानातून ओरडला होता, "पहा गा, आपली रंभी दोहीकडून उभी आहे! निवडून आली तरी तेच, पडली तरी तेच!"

उमेदवार बदलत गेले. कधी डॉक्टर उभा राहिला, कधी मास्तर. कोणी या पक्षातून त्या पक्षात गेला. सीडी जाऊन पेनड्राइव्ह आला. पुलाची ओळ तेवढी कोणी बदलली नाही. निवडणूक येते ऐन उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत. तेव्हा नदीत नुसती वाळू. पुढाऱ्यांच्या गाड्या वाळूवरून सरळ पार होतात आणि उतरणाऱ्याला मनातून प्रश्न पडतो, इथं पूल हवा तरी कशाला?

मागच्या निवडणुकीच्या वेळी मैनाची लेक रमशीला पहिलटकरीण होती. सासर ब्रह्मपुरीत, दवाखाना दाराशी. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि भोंग्यातून मावशी सांगत होती की पावसाआधी पूल होणार. मैनानं लेकीला आणलं. श्रावणात नदी फुगली. अडलेल्या रमशीलाची बाज खांद्यावर घेऊन चार माणसं काठाशी उभी राहिली, ती उभीच राहिली.

लेकीला माती दिल्यावर मैना एकदाच बोलली होती. "सरकारनं सांगतलं असतं, तर नसती आणली वं पोरीले. तू सांगतलं."

त्यानंतर ती रंभाबाईशी बोलली नाही. रंभाबाई गावी गेली की मैना परसात जाऊन बसायची.

"मावशी, एकच तर लाइन आहे." प्रेमानंदशेजारी बसलेला पियूष उठून आत आला. उमेदवाराच्या प्रचाराचं काम पाहणारा नागपूरचा तरुण मुलगा तो, वागायला वाईट नव्हता. "आमचे साहेब नवीन आहेत. या टाइमला पूल खरंच होईल."

"होईन तर चांगलंच आहे, बापा. बाकी सारं म्हणीन. पूल नाही म्हणणार."

"पण त्या भागात मेन मुद्दाच तो आहे ना!"

"मंग साहेबाले सांग, श्रावणात या. काठाशी उभे राहा. मी तिथंच म्हणीन, फुकट म्हणीन."

"श्रावणात इलेक्शन नसते ना मावशी."

"तेच तर म्हणून राहिली मी."

पियूषला हसू आलं. ते त्यानं दाबलं आणि काचेकडे वळला. "प्रेमानंदभाऊ, मागची रेकॉर्डिंग असेल ना तुमच्याकडे? तिथली पुलाची लाइन उचला, इथं चिकटवा. आवाज एकच आहे. मॅटर खतम."

आपण तोंड मिटलं तरी आपला गळा त्या यंत्रात उघडाच आहे, हे रंभाबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती बाहेर आली. प्रेमानंदच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिच्या नावाच्या फायलींची लांबलचक यादी होती. सगळ्या निवडणुका, सगळे उमेदवार.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "ते माही बहीण ऐकते."

एवढंच. प्रेमानंदनं यंत्रावरचा हात काढून घेतला.

"नाही जमत, पियूष."

"काहून? एका मिनिटाचं काम आहे!"

"मिनिटाचंच आहे. पण बाई समोर उभी राहून नाही म्हणून राहिली आणि मी तिच्या तोंडात शब्द घालू? तुझ्या आईसोबत करशील का असं?"

"धंदा असा नाही होत, भाऊ."

"माहीत आहे मले."

पियूषनं बॅग उचलली. दारात थांबून म्हणाला, "मावशी, राग नाही बरं. पण मले दुसरा आवाज पाहा लागन."

तो गेला. "तुमचं सीझनचं काम गेलं ना माह्यापायी," रंभाबाई म्हणाली.

"लग्नाचे डीजेवाले आहेत ना जी, त्यांच्यापुढं खासदार काय!" प्रेमानंद म्हणाला आणि चहा सांगायला उठला. त्यानं विनोद केला खरा, पण पाठ फिरवूनच.

आठवड्याभरानं ती बाजारात ढिगाशी बसली असताना नत्थूचा फोन आला.

"रंभे, यंदा गाडीत कोण बोलून राहिलं वं? गोंडी अशी बोलते, जशी दाताखाली गिट्टी आली! पोट्टे हसून हसून पडले."

"पुलाचं म्हणे का?"

"म्हणे ना. पूल, नदी, समदं." नत्थूनं आवाज खाली आणला. "मैना बाहेर निघाली होती. अंगणात उभी राहून पुरं ऐकलं तिनं. गाडी गेल्यावर दुकानात आली, मिठाचा पुडा घेतला. अन् मंग मले विचारे, रंभी बिमार आहे का म्हणून."

रंभाबाईच्या हातातली मिरची हातातच राहिली. "तू काय सांगतलं?"

"मले काय माहीत! म्हटलं, विचारून सांगतो."

"धड आहे म्हण. पुलाची ओळ म्हणायले नाही म्हटलं तिनं, म्हणून गाडीत नाही. एवढंच सांग."

"अन् मी गावात म्हणू का, यंदा रंभी दोहीकडून पडली?"

"म्हण," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. बोटांचं तिखट डोळ्यांत गेलं, तेव्हा शेजारच्या बायांना वाटलं, त्याचंच पाणी आहे.

मतदार यादीत तिचं नाव अजून गावातच होतं. लोक म्हणायचे, नाव नागपूरला आण. तिनं आणलं नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी ती एसटीनं निघाली, मुक्कामाला नत्थूच्या घरी उतरली. मैनाच्या दारावरून जाताना पाय जड झाले, पण तिनं हाक मारली नाही.

सकाळी उन्हाच्या आत मत टाकावं म्हणून सारं गाव शाळेपुढे जमलं. बायांची रांग आवारातून वळून फाटकाबाहेर आलेली. पूर्वेचं ऊन कोवळं म्हणता म्हणता चटके देऊ लागलं होतं. मैना पार पुढे, दाराशी. तिच्यापुढे तीनच बाया. रंभाबाई शेवटी जाऊन उभी राहिली. पाठीवर ऊन घेत ती खाली पाहत राहिली. लोकांच्या टाचा, धूळ, कुणाच्या तरी पायातली जोडवी.

पुढं काही गडबड झाली. दारावरचा शिपाई ओरडला, "ओ आजी, तुमचा नंबर आला ना! चालल्या कुठं?"

"नत्थू, पहाय रे," कोणीतरी म्हणालं, "मैना रांग सोडून चालली. पहाटपासून उभी होती बुढी!"

रंभाबाईनं मान वर केली नाही. पावलं हळूहळू रांगेच्या कडेनं येत राहिली, तिच्याजवळून गेली आणि मागे थांबली.

रांग एक पाऊल पुढे सरकली, तशा दोघी बहिणी सरकल्या. रंभाबाईच्या पाठीवरचं ऊन थांबलं होतं.