कहव्यानंतरची खबर

घर नंतर बघावं, आधी शेजारी पारखावा, असं अमिरातीतल्या कलबा गावातले जुने लोक सांगत आले आहेत. खलफाननेही हे वचन आयुष्यभर शिरोधार्य मानलं. प्रत्यक्षात त्याला प्लॉट नगरपालिकेने दिला आणि शेजारी पाणीखात्याने धाडला. पारखण्यासाठी दोघांपैकी कुणीही त्याला बोलावलं नव्हतं.

शेजारी म्हणजे तिस्सा विक्रमरत्ने. श्रीलंकेचा, कँडीकडचा. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचा. बायको आणि कडेवरचा कसुन यांना घेऊन तो समोरच्या भाड्याच्या घरात आला, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. कसुन आता मेलबर्नला असतो. खलफान तिस्साला ‘बू कसुन’ म्हणायचा, म्हणजे कसुनचा बाप. आणि तिस्सा त्याला ‘बू हुमैद’. रोज दुपारच्या उत्तरार्धात, असरची नमाज आटोपली की, दोघे खलफानच्या गेटापाशी दहा मिनिटं उभे राहत. त्यातली नऊ मिनिटं खलफान बोलायचा. बोटीचं इंजिन, मेव्हण्याचा आगाऊपणा, हमूर माशाचा भाव. तिस्सा मान हलवायचा. ही मान खलफानच्या स्वतःच्या घरात फारशी कुणी हलवत नसे.

आत बोलावण्याचा प्रश्न निघाला नव्हता असं नाही. पण बैठकीच्या खोलीत सदा भाऊ, चुलतभाऊ, मेव्हणे. बू कसुनला एकदा निवांत बोलवायचं, असं खलफानने ठरवलं होतं. ठरवून अठ्ठावीस वर्षं झाली होती.

आणि आता तिस्सा निघाला होता. निवृत्ती झाली, महिनाअखेरीस कँडी. हे त्याने गेटापाशी, गाळणी बदलली असं सांगावं तशा आवाजात सांगितलं. खलफानला रात्री जेवण गेलं नाही.

“माणूस थांबवायचा तर त्याला मान द्यावा लागतो,” तो बायकोला, उम्म हुमैदला म्हणाला. त्याने सगळं योजलं होतं. गावातल्या सांस्कृतिक केंद्रात तो दर पंधरवड्याला वर्ग घ्यायचा. वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्या परदेशी लोकांना इथल्या चालीरीती शिकवण्याचा उपक्रम होता; विद्यार्थी सगळे दहा-पंधरा वर्षं मुरलेले. त्या वर्गात बू कसुनला आदर्श म्हणून उभं करायचं, केंद्राकडून त्याला मानद मार्गदर्शक नेमून घ्यायचं, राहण्याच्या परवान्याचं आपण बघायचं. मग कसला जातोय?

“मान कसला देताय,” उम्म हुमैद म्हणाली. तिचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. “त्याची बायको कधी येणार ते विचारा आधी. सव्वा वर्ष झालं तिला गावी जाऊन. तिचा फोनही बंद लागतो. बाईमाणसाविना घर म्हणजे सराई. तिथे कोण थांबेल?”

“सुनेच्या बाळंतपणाला गेली असेल.”

“सून मेलबर्नला आहे. ही कँडीत काय करतेय?”

“अगं, परक्या पुरुषाला त्याच्या बायकोबद्दल विचारायचं? मी?”

“आणि ते कोकिस. रमजानात आपण हरीस पाठवलं, तर ताटात परत आलेले कोकिस विकतचे होते. तिच्या हातचे काय कुरकुरीत असायचे.”

“आता शेजाऱ्याच्या कढईत डोकावू का?” खलफान म्हणाला, आणि सभ्यतेचा विजय झाल्यासारखा उठून गेला.

केंद्रातली मैथा या योजनेवर खूश झाली. मैथा व्यवस्थापनशास्त्र शिकलेली, हातात कायम टॅब्लेट. “काका, कमाल! जिवंत उदाहरण! अहवालात फोटोसुद्धा छान येईल.” तिने मंचावर नवा गालिचा अंथरला, तक्के मांडले, मध्ये कहव्याची उंच चोचीची पितळी दल्ला ठेवली. दल्ला रिकामी होती. गालिच्यावर डाग पडू नयेत असा वरून आदेश होता.

चौदा जण आले होते. तिस्साने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो तक्क्याला न टेकता बसला होता.

“आपल्याकडे भेटल्यावर खबर विचारतात,” खलफानने सुरुवात केली. “आता आम्ही दाखवतो. बू कसुन! कसा आहेस?”

“देवाची कृपा, बू हुमैद. तुम्ही कसे?”

“कृपा. काय खबर?”

“खबर काही नाही. सगळं खैर.”

“घरचे?”

“सगळे खुशाल. देवाची कृपा.”

घशातले अरबी उच्चार असे चोख की एका इजिप्शियन इंजिनियरने टाळ्या वाजवल्या. बुद्धाला मानणारा माणूस अल्लाची स्तुती इतकी तालात करतो हे पाहून मैथाने दोन फोटो काढले. खलफानची छाती भरून आली. “हे मी शिकवलंय,” तो म्हणाला. “पहिल्याच वर्षी. हा गेटापाशी आला आणि काय खबर म्हटल्यावर मला पाठदुखीची पूर्ण हकिगत सांगायला लागला!”

सगळे हसले. तिस्साही हसला.

येलेना नावाच्या सर्बियन दंतवैद्यबाईंनी हात वर केला. अकरा वर्षं गावातले दात बघत होत्या. वेदना नेमकी कुठे आहे हे विचारण्याची त्यांना सवयच होती.

“पण खरोखर काही वाईट घडलेलं असेल तर?”

“तरीही पहिलं उत्तर खैर, सगळं ठीक,” खलफान म्हणाला. हा त्याचा आवडता भाग. “छप्पर कोसळलं असलं तरी खैर. दारात आल्याआल्या माणसाने दुःख ओतायचं नसतं. आधी त्याला आत बसवायचं, खजूर द्यायचा, कहवा पाजायचा. कहवा झाला की यजमान पुन्हा विचारतो, आता बोल, खबर काय? तेव्हा खरी खबर सांगायची. आमच्या वाडवडिलांनी वाळवंटात घालून दिलेली रीत आहे. माणूस कितीही तुटलेला असो, त्याला दुसऱ्यांदा विचारणारा कुणीतरी असतो.”

कुणीतरी हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

“छान आहे,” येलेनाबाई तिस्साकडे वळल्या. “मग तुम्ही यांना कहव्यानंतर काय काय सांगितलंत?”

तिस्साने प्रामाणिकपणे विचार केला. “आमचा कहवा कधी झाला नाही. आम्ही गेटापाशीच भेटतो.”

पुन्हा हशा पिकला. खलफानही हसला, पण उशिरा.

“आज तरी सांगा,” बाई गमतीत म्हणाल्या. “हा झाला कहवा. आता खरी खबर काय?”

तिस्साने रिकाम्या दल्लाकडे पाहिलं. मग ज्या आवाजात तो पाण्यातल्या क्लोरीनचं प्रमाण सांगे त्याच आवाजात म्हणाला, “माझी बायको वारली. नोव्हेंबरात. आठ महिने झाले.”

मैथा टॅब्लेट छातीशी धरून उभी राहिली. “पाच मिनिटांची विश्रांती घेऊ या का?”

परत येताना दोघे खलफानच्या पिकअपमध्ये होते. खाडीवरचा पूल आला तेव्हा खलफानने विचारलं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही रोज विचारत होतात. मी तुम्ही शिकवलेलं उत्तर देत होतो.”

“ते पहिलं उत्तर होतं, गाढवा!”

“हो. दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत होतो.” तिस्साच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर खलफानला बरं वाटलं असतं. “ती उपचाराला गेली होती. नोव्हेंबरात मी पंधरा दिवस जाऊन आलो, आठवतं? आल्या दिवशी तुम्ही गेटापाशीच होतात.”

खलफानला आठवलं. काय खबर, घरचे, सगळे खैर. आणि मग बोटीच्या इंजिनाविषयी नऊ मिनिटं. त्या दिवशी तिस्साने एकदा तोंड उघडलं होतं. खलफानला वाटलं होतं, इंजिनाबद्दल काही सुचवतोय, म्हणून त्याने हाताने थांबवलं होतं.

“मग महिना गेला,” तिस्सा म्हणाला. “आता सांगितलं तर तुम्हाला लाज वाटेल, की शेजारी असून कळलं नाही. म्हणून राहू दिलं. शेजाऱ्याला लाजवू नये, हेही तुम्हीच शिकवलंत.”

खलफान चांगला शिक्षक होता, याबद्दल आता त्याच्याही मनात शंका उरली नाही.

त्याने गाडी थेट आपल्या अंगणात घातली. बैठकीत मेव्हणा लवंडला होता. त्याला उठवून बाहेर काढलं. उम्म हुमैदला आतून ऐकू गेलं तशी ती काठी टेकत दारापर्यंत आली. परपुरुषासमोर ती यायची नाही, पण त्या दिवशी आली.

“श्रीयानी गेली?” ती म्हणाली. “माझी श्रीयानी?”

अठ्ठावीस वर्षांत खलफानने ते नाव पहिल्यांदा ऐकलं. ते नाव सव्वा वर्ष त्याच्या स्वयंपाकघरात रोज कुरकुरत होतं आणि त्याने ते कधी उंबरा ओलांडू दिलं नव्हतं.

“तीन दिवस दुखवट्याला बसले असते मी तिच्यासाठी,” उम्म हुमैद नवऱ्याला म्हणाली. “माझे तीन दिवससुद्धा खाल्लेत तुम्ही.” आणि तिस्साकडे वळून, “भाऊ, देव तुला धीर देवो. उशीर झाला रे आम्हाला,” एवढं बोलून रडतच आत गेली.

खलफानने स्वतः कहवा ओतला. त्याच्या हातून गालिच्यावर सांडला, डाग पडला. खजूर पुढे केला. तिस्साने तीन पेले घेतले आणि रिवाजाप्रमाणे पेला हलवून पुरे म्हटलं. सगळं चोख.

“आता बोल, बू कसुन,” खलफान म्हणाला. “काय खबर?”

तिस्साने पेला बाजूला ठेवला. मग बोलायला लागला तो सगळं बोलला. दवाखान्यातला पंखा, तिला शेवटी लागलेली तहान, आल्यावर घरात दोन कप धुण्याची मोडता न आलेली सवय. खलफानने एकदाही तोंड उघडलं नाही. त्याला फार जड गेलं.

“आता थांब ना इथेच,” शेवटी तो म्हणाला. “रोज कहवा पिऊ. परवान्याचं मी बघतो.”

“डिसेंबरात थांबलो असतो,” तिस्सा म्हणाला. “तेव्हा कुणीतरी थांब म्हणावं असं फार वाटायचं. आता घराचा करार संपवला, बू हुमैद. सामान जहाजावर चढलं. आणि खरं सांगू? हे सगळं मला परत रोज गेटापाशी उभं राहून गिळायचं नाही.”

“गेटापाशी का? आत येशील!”

“हो,” तिस्सा म्हणाला. ते पहिलं उत्तर होतं, हे खलफानला कळलं. दुसऱ्यांदा विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

गुरुवारी तिस्सा गेला. विमानतळावर सोडायला खलफान गेला होता. वाटेत तो कशाबद्दलही बोलला नाही, म्हणून तिस्सानेच त्याला बोटीच्या इंजिनाविषयी विचारलं.

महिनाभराने केंद्राचा अहवाल निघाला. चौदापैकी तेरा जणांनी वर्ग अत्यंत उपयुक्त ठरवला होता. खबर विचारण्याचं प्रात्यक्षिक पुढच्या सत्रातही कायम ठेवण्यात आलं. प्रश्नोत्तरं मात्र वेळेअभावी वगळण्यात आली.