बर्फात मीठ

डब्याचं झाकण मृणालीच्या हातून निसटलं आणि फरशीवर खणखणत, गोल गोल फिरत खाटेखाली जाऊन थांबलं. सकाळपासून दवाखान्याच्या त्या खोलीत ऑक्सिजनच्या बुडबुड्यांखेरीज आवाज नव्हता. तिने दचकून बाळाकडे पाहिलं. अडीच महिन्यांचा जीव. नाकाशी चिकटवलेली नळी, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली पडणारा खड्डा. तो उठला नाही. उठून रडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"दोन घास खा गो," तिचे वडील म्हणाले. "आयशीनं तुझ्या पहाटे उठून जिताड्याचा कालवन केलाय. परत नेला तर मला घरात घेनार नाय."

जगन सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला आले होते. सगळा जन्म मिठागरात गेलेला माणूस. नातवाच्या खाटेला हात लावायचा तरी आधी तो शर्टाला पुसून घेत. मृणालीची पाच वर्षांची दिपिका त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या बोटांवरच्या भेगांतून नख फिरवत होती.

डॉक्टर मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या.

"आरएसव्हीच आहे. मोठ्यांना नुसती सर्दी होते या विषाणूने, पण एवढ्यांच्या छातीत उतरतो." फाइल चाळता चाळता त्यांचा हात थांबला. "याला तर अँटिबॉडीचं इंजेक्शन दिलंय. तीन आठवड्यांपूर्वी."

"हो. आठव्या महिन्यातच झाला ना," मृणाली म्हणाली. "माझ्याकडनं पोटात मिळायचं तेही पुरतं मिळालं नाही, म्हणून तयार द्यायचं, असं पेणचे डॉक्टर म्हणाले होते."

"बरोबर आहे. ते घेऊनही काहींना होतं, पण इतकं जोरात सहसा नाही. कुठून आणलं होतं?"

"मी आनला ना, पेनवरनं!" जगन उठूनच उभे राहिले. गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना सांगण्यासारखं काही सापडलं होतं. "दुकानवाल्यानं खोक्यात गार पिशव्या घालून दिला. पन बाहेर ह्ये ऊन! पिशव्या घामाघूम. मी म्हटलं, ह्या काय टिकत नाय. मासळीवालीकडनं बर्फ घेतला, फोडला, आन त्यात आपल्या आगराचा खडा मीठ टाकला, चांगला दोन ओंजळी. मधोमध इंजेक्शन."

"मीठ?" मॅडमनी विचारलं.

"व्हय तर! कुल्फीवाले आमच्याकडनंच मीठ नेतात, ते काय उगाच? रोह्याला उतरून बघतो तर आत पार गारगोटी झालेली. मग मुठीत धरून बसलो खाली बाकावर. पाघळला, तवाच दिला सिस्टरकडं. गरम म्हनून नाय होऊ दिला."

मॅडमनी काही न लिहिताच पेनाचं टोपण लावलं आणि त्या म्हणाल्या, "मृणाली, जरा बाहेर या."

व्हरांड्यात कडक ऊन आलं होतं. मृणालीने पाठ भिंतीला टेकली.

"ते गार ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "गोठलं की मोडतं. पुन्हा पाणी झालं तरी दिसतं तसंच, पण कामाचं राहत नाही."

"म्हणजे त्याला..."

"टोचलं. मिळालं बहुतेक काहीच नाही."

"मग आता दुसरं आणू?"

"ते आजाराआधी द्यायचं असतं. आता त्याच्याच अंगाला शिकावं लागेल. आपण श्वासाला आधार द्यायचा आणि वाट बघायची. संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन वाढवावा लागला, तर पनवेलला हलवू."

मॅडम गेल्या. मृणाली तिथेच उभी राहिली. तिला तीन आठवड्यांपूर्वीचा, फोनवरचा स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. खोक्यावरच्या कागदाचा फोटो दुकानदाराने तिलाच पाठवला होता. त्यावर दोन ओळी होत्या. बाळ रडत होतं, कुकर लावायचा होता, आणि तिने वडिलांना पहिली ओळ तेवढी वाचून दाखवली होती. आप्पा, गरम होऊ देऊ नका हं. अजिबात नाही. दोनदा सांगितलं होतं. दुसरी ओळ तिने आत्ता, फोन काढून, पहिल्यांदा नीट वाचली. मग फोनची काच तळहाताने झाकून धरली.

ती आत वळणार, तेवढ्यात जगनच दारात आले. पायात चपला घातल्या होत्या.

"काय बोलली गो मॅडम? अजून एक लागंल काय?"

मृणालीने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"तू नको घाबरू. मी गाडी कवा हाय ती विचारून येतो खाली. ह्या खेपेला मीठ दुप्पट टाकतो, बघच तू. वाटेत थेंब पाघळू द्यायचा नाय." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि झपाझप जिना उतरू लागले.

कुणीतरी तिची ओढणी ओढली. दाराआड, पाण्याची बाटली छातीशी धरून दिपिका उभी होती. ती तिथे कधीपासून उभी होती, ते तिच्या डोळ्यांवरूनच कळत होतं. तिने जिन्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "आजोबांना कोण सांगणार?"