कोपऱ्यातला स्क्रू

पटाशीवर शेवटचा ठोका बसला आणि शिडाच्या होडीच्या डेकवरचं झाकण चौकटीसकट उचकटून आईच्या हातात आलं. खाली फटी बुजवायच्या जुन्या सीलंटचे थरच थर होते. गळायला लागलं की नवरा वरून आणखी एक थर फासायचा. मुळात हात घालायचा त्याला भारी कंटाळा.

"आई, कशाला एवढा आटापिटा?" धक्क्यावरून मुलगा म्हणाला. "बाबा गेले. गिऱ्हाईक तयार आहे. ही गळकी होडी सांभाळणार कोण?"

त्या 'कोण'चा तिला मनस्वी राग आला.

"मी! आणि लाव पैज. एक थेंब जरी गळला तरी खुशाल वीक. मी चकार शब्द काढणार नाही."

तिने दुपारभर चौकट खरवडली, पुसली, नवं सीलंट जाड पसरलं, चौकट परत बसवली आणि स्क्रू जेमतेम टेकवले.

"आता हात लावायचा नाही. आत्ताच आवळलं तर सगळं सीलंट बाहेर येईल, मध्ये राहणार काय? वाळलं की आवळू. तुझ्या बाबांना तेवढाही धीर नसायचा."

मुलगा बापावरच गेला होता. ती हात धुवायला गेली तेवढ्यात त्याने, आपली मदत म्हणून, कोपऱ्यातला स्क्रू करकचून पिळला आणि बाहेर आलेलं सीलंट बोटाने पुसून टाकलं.

सीलंट वाळल्यावर आई स्क्रू आवळायला बसली. कोपऱ्यातला जागचा हलेना. तिने मुलाकडे पाहिलं. तो दोरखंड न्याहाळत होता.

"जा, खाली झाकणाखालच्या बाकावर आडवा हो," ती म्हणाली आणि तो उतरल्यावर झाकणावर भरली बादली ओतली.

मुलाच्या मानेवर थेंब पडला. मग दुसरा.

"काय रे?" वरून आईने विचारलं.

त्याने घाईघाईने कॉलरने मान पुसली.

"ठणठणीत कोरडं!"

ती खाली उतरली. ओली कॉलर पाहिली, वरचा कोपरा पाहिला. मग स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात ठेवला.

"सोडव सगळे. पुन्हा बसवू."

"आणि पैज?"

"ती मी जिंकले. कोरडं आहे म्हणून तूच सांगितलंस ना?"

"अगं, पण गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सांग, गळत नाही, म्हणून विकत नाही."

तो वर गेला आणि त्याने कोपऱ्यातल्या स्क्रूपासून सुरुवात केली.