न धुतलेलं घोंगडं

तांदळाच्या कणीएवढी पांढरी अळी सुमनताईंच्या तळहातावर वळवळली, आणि तिनं अंगाभोवती ओढून घेतलेली काळी लोकर – त्यांच्याच घोंगड्याची! – बघून त्यांचं डोकंच फिरलं. खायचं ते खायचं, वर त्याचाच अंगरखा शिवून मिरवायचं.

चिखलीच्या या फ्लॅटमध्ये माणसांना ऊन मिळत नाही, घोंगड्याला कुठलं? दिवाणाच्या पोटात, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेलं... कोंबलं कुणी? सुनेनं, दुसरं कोण! उद्या चंपाषष्ठी. उद्या यावरच खंडोबाची तळी भरायची. चिमाजी – त्यांचा नवरा – होते तोवर तेच बसायचे यावर, महाळुंग्याच्या कंपनीत सुट्टी टाकून, कपाळभर भंडारा फासून... आणि नेमकी त्यांच्या बसायच्या जागेचीच चाळण झालेली. बाकी घोंगडं धडधाकट होतं.

“स्वरूपा! डांबरगोळ्या टाकायला काय झालं होतं गं तुला?”

कामावर निघालेली सून दारात थांबली. “आई, तुम्हीच नको म्हणालात. देवाच्या घोंगड्याला वास लागतो म्हणून. मी तर धुऊन, गच्चीत वाळवून ठेवते म्हणत होते. घामाची, तेलाची जागाच आधी खाते ही कसरीची अळी.”

“म्हणजे ह्यांचा घाम वाईट?”

“असं कुठं म्हटलं मी? अजूनही धुतलं तर उरलेलं वाचेल, एवढंच.” दार ओढून ती गेली.

शहाणी! धुवा म्हणे... हे गेल्यापासून तीन वर्षं मी याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. ह्यांचे कपडे वाटले, चपला कुणी नेल्या, पलंगसुद्धा गेला – कुणी मला विचारलं? हे एवढंच मी ओढून धरलं. ह्यांचा घाम होता यात, माझ्या हक्काचा. आणि या मेल्या अळ्यांना तोच गोड लागावा!

संतापाच्या भरात, आता धुऊनच टाकावं म्हणून, सुमनताईंनी न्हाणीघरात जाऊन बादलीवरचा नळ सोडला, आणि घोंगडं तोंडाशी धरून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. लोकर, धूळ, किंचित हळद... चिमाजी नव्हते. कधीपासून नव्हते, कोण जाणे. मग इतके दिवस राखलं ते कुणासाठी – या अळ्यांसाठी? सुनेवरचा राग शोधला तर जागेवर नव्हता, आणि दुसऱ्या कुणावर काढावा तर घरात त्या एकट्याच.

बादली भरून वाहायला लागली. घोंगडं अजून त्यांच्या छातीशीच होतं.